खेळाडूला दाखला हसत द्या

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘खेळातलं करिअर’ असा विषय दिला आणि पंधरा मिनिटं दिली. एवढ्या वेळात सगळ्या खेळांवर बोलायचं म्हणजे कुठल्याच खेळावर धड न बोलण्यासारखं आहे. म्हणून मी फुटबॉलपुरतं बोलतो, आणि फुटबॉलमधल्याही एकाच गोष्टीवर बोलतो. ती गोष्ट म्हणजे बदली.

मी १९९१ च्या दहावीच्या तुकडीचा. शाळेच्या संघात मी राखीव खेळाडू होतो, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्यांना आठवत नाही त्यांचा मी आभारी आहे. पुढे नोकरीनिमित्त पुण्यात गेलो आणि फिरत फिरत एका फुटबॉल अकादमीच्या ऑफिसात बसलो. तिथे गेली अठरा वर्षं मी मुलांची नोंदणी, करारपत्रं, ना-हरकत पत्रं आणि वयाचे दाखले सांभाळतो. मैदानावर मुलगा काय करतो ते प्रशिक्षक बघतात. तो मैदानावर उतरू शकतो की नाही, हे बऱ्याचदा माझ्या टेबलावरच्या कागदावर ठरतं.

बदली म्हणजे काय हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. आपले कितीतरी सर बदलून गेले आणि बदलून आले. घरात कुणी एसटीत, कुणी महसूलमध्ये, कुणी बँकेत. बदलीचा आदेश आला की आईचा चेहरा उतरायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. नोकरीतली बदली आपल्याकडे शिक्षेसारखी मानली जाते. ‘गडचिरोलीला टाकला’ असं आपण म्हणतो. फुटबॉलमध्ये मात्र सतरा ते एकवीस या वयात बदली न होणं हीच पुष्कळदा शिक्षा असते.

फुटबॉलमध्ये ही बदली दोन प्रकारची. पहिली कायमची, म्हणजे ट्रान्स्फर. जुन्या क्लबशी करार संपतो किंवा मोबदला देऊन सोडवला जातो, आणि मुलगा नव्या क्लबचा होतो. दुसरी लोनची. सरकारी भाषेत सांगायचं तर ती प्रतिनियुक्ती. मूळ खातं तेच राहतं, मुदत ठरलेली असते, तेवढ्या काळापुरता माणूस दुसरीकडे काम करतो आणि मुदत संपली की परत येतो. वर्तमानपत्रं ‘लोनवर गेला’ असं छापतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा एका मुलाच्या आईने मला फोनवर विचारलं होतं, “साहेब, लोन घेतलंय तर हप्ते कोण भरणार?” मी हसलो नाही. घरात कधी कुणी खेळाडू झालेला नसेल, तर हा प्रश्न अगदी रास्त आहे.

आता मूळ प्रश्न. मुलगा चांगल्या अकादमीत आहे, राहायला जागा आहे, जेवण आहे, प्रशिक्षक आहे. मग त्याने जायचं कशाला?

कारण सराव आणि सामना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघात पंचवीस-तीस मुलं असतात आणि मैदानात अकरा उतरतात. बाकावर बसलेला मुलगा रोज सराव करतो, पण सत्तराव्या मिनिटाला पाय जड झालेले असताना, एका गोलने मागे असताना आणि समोरचा बचावपटू अंगावर येत असताना चेंडू कुठे द्यायचा, हे सरावात शिकता येत नाही. ते सामन्यातच शिकायचं असतं, आणि त्याचं वय ठरलेलं असतं. अठराव्या वर्षी जे दोन मोसम बाकावर गेले, ते चोविसाव्या वर्षी भरून निघत नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कांद्याचं रोप वाफ्यात कितीही जोमदार दिसलं तरी वेळेवर उपटून शेतात लावावं लागतं. वाफ्यातच ठेवलं तर दाटीत ते पोसत नाही.

दुसरं असं की, हा एकट्याचा खेळ नाही. आपल्या जिल्ह्याची सावरपाड्याची कविता राऊत इथे नाशिकमध्ये सराव करून २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदकापर्यंत पोचली. तिच्या कष्टाला तोड नाही. पण धावपटूला घड्याळाशी स्पर्धा करता येते, आणि घड्याळ नाशिकमध्येही तेच असतं. फुटबॉलपटूला दहा चांगले सोबती लागतात आणि अकरा चांगले विरोधक लागतात. ते जिथे असतील तिथे त्याला जावं लागतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. घर सोडलं नसतं तर वल्हं त्याच्या हातात कधी आलंच नसतं.

फुटबॉलमधली दोन-चार नावं सांगतो.

जेजे लालपेखलुआ हा मिझोरामचा मुलगा पुणे एफसीकडे आला. पुण्याच्या मुख्य संघात तेव्हा परदेशी आणि अनुभवी आघाडीवीर होते. २०१०-११ च्या मोसमात क्लबने त्याला इंडियन ॲरोजकडे लोनवर दिलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तरुण मुलांसाठी काढलेला तो संघ. तिथे जवळपास सगळेच त्याच्या वयाचे होते, त्यामुळे सामने खेळायला मिळाले. आय-लीगच्या त्या मोसमात त्याने १३ गोल केले आणि भारतीय खेळाडूंमध्ये तो सर्वांत पुढे राहिला. मग तो पुण्याला परत आला, आणि पुढे भारतीय संघाचा आघाडीवीर म्हणून देशाने त्याला ओळखलं. पुणे एफसीने त्याला दिलं म्हणून गमावलं का? उलट, दिला होता त्यापेक्षा तयार खेळाडू त्यांना परत मिळाला.

गोव्याचा लिस्टन कोलासो. घरच्याच एफसी गोवा संघात होता, पण त्याच्या जागेवर आधीच मोठी नावं होती. जानेवारी २०२० मध्ये तो हैदराबादला गेला. घर सोडून, नव्या आणि तेव्हा तळाशी असलेल्या संघात. पुढच्या मोसमात तो नियमित खेळला, भारतीय संघापर्यंत पोचला, आणि २०२१ मध्ये कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने त्याला घेतलं. त्या वेळी वर्तमानपत्रांत एक कोटी रुपयांचा आकडा छापून आला होता. दीड वर्षापूर्वी हाच मुलगा बाकावर बसत होता.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कोल्हापूरहून पुण्यात क्रीडा प्रबोधिनी, मग पुणे एफसीची अकादमी, मग २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक, तिथून इंडियन ॲरोज, २०१९ मध्ये जमशेदपूर, २०२१ मध्ये हैदराबाद. एकविसाव्या वर्षापर्यंत किती वेळा बॅग भरली ते मोजा. कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल आहे, तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरून वाहतं. तरीही वरच्या पातळीवर जायला त्याला निघावं लागलं. मग आपल्या नाशिकच्या मुलाला निघावं लागेल यात नवल काय?

मुंबईचा राहुल भेके ईस्ट बंगालकडे असतानाच इंडियन सुपर लीगमध्ये केरळ आणि पुण्याकडून खेळला. त्या काळात दोन लीग वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत चालत, त्यामुळे असं जमत असे. पुढे बंगळुरूकडून १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात जादा वेळेत एकमेव गोल त्याने केला. आणि २०२२ मध्ये मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं, त्यातला एक गोल त्याचाच. कुठल्याही भारतीय क्लबचा त्या स्पर्धेतला तो पहिला विजय. इतके संघ बदलणाऱ्याला आपल्याकडे ‘एका जागी टिकत नाही’ म्हणतात.

आणि बाहेरचं उदाहरण हवं असेल तर हॅरी केन घ्या. वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत टॉटनहॅमने त्याला चार क्लबांकडे लोनवर पाठवलं: लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर. सगळीकडे तो चमकला असंही नाही. २०१८ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल त्याचे होते.

ही मोठी नावं झाली. आता ज्याच्यामुळे मी आज या विषयावर बोलतोय त्या मुलाबद्दल सांगतो. त्याचं नाव सांगत नाही.

सातपूरकडचा मुलगा. वडील कारखान्यात. गोलकीपर. सोळाव्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या एका अकादमीत निवड झाली. गल्लीत पेढे वाटले. दोन मोसम झाले. त्या दोन मोसमांत तो तीन सामने खेळला. कारण गोलकीपरची जागा एकच असते. बचावपटूला दमला म्हणून बदलतात, आघाडीवीराला शेवटची वीस मिनिटं मिळतात, दुसऱ्या गोलकीपरला काहीच मिळत नाही. सुट्टीत घरी आला की आई त्याची बॅग धुवायला काढायची आणि विचारायची, “सरावाचे कपडे एवढे मळतात, मग सामन्याची जर्सी कोरी कशी रे?” हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण नीट हसता येत नव्हतं.

वडील शाळेच्या ओळखीने माझ्याकडे आले. मुलाला फुटबॉल सोडून आयटीआयला घालावं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, आधी त्याला खेळू तर द्या, मग ठरवा. मुंबईतल्या एका लहान क्लबला गोलकीपर हवा होता. ते घ्यायला तयार होते. अडलं ते अकादमीत. त्यांचं म्हणणं असं की, उद्या पहिल्या गोलकीपरला लागलं तर आम्ही काय करायचं? म्हणजे दुसऱ्याच्या दुखापतीची वाट बघत या मुलाने बसून राहायचं. जानेवारीत नोंदणीची मुदत असते. ती संपली की जूनपर्यंत काही हलत नाही. आमच्याकडे नऊ दिवस होते.

शेवटी तोडगा साधाच निघाला. त्याच अकादमीतला सोळा वर्षांखालचा गोलकीपर राखीव म्हणून वर घ्यायचा. त्यालाही मोठ्यांबरोबर सराव मिळेल आणि याची जागा मोकळी होईल. एक पानी करार झाला. सहा महिने, राहण्याची सोय मुंबईच्या क्लबकडे, दुखापतीचा खर्च कुणी करायचा ते लिहिलेलं, बारावीच्या परीक्षेला सुट्टी लिहिलेली.

पहिल्याच सामन्यात त्याच्यावर चार गोल झाले. रात्री वडिलांचा फोन आला, “परत बोलावू का?” मी सांगितलं, चार गोल खाल्ले हे बरं झालं, दोन वर्षांत त्याला गोल खायचीसुद्धा संधी मिळाली नव्हती. तो सहा महिन्यांत सोळा सामने खेळला. इंडियन सुपर लीगपर्यंत तो पोचला नाही, पोचेल असंही मी म्हणत नाही. पण त्या सोळा सामन्यांच्या जोरावर त्याला खेळाडू म्हणून खात्याच्या संघात नोकरी लागली. आज तो पहिला गोलकीपर आहे. त्याच्यासारखी किती मुलं कोऱ्या जर्सीनिशी घरी परत आली असतील, हा विचार मला आजही त्रास देतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लोन म्हणजे नको असलेला मुलगा कुठेतरी ढकलून देण्याची सोय, असाही वापर होतो. मोठ्या क्लबांनी डझनावारी मुलं घेऊन ठेवायची आणि इकडे-तिकडे वाटायची, हा प्रकार युरोपात इतका वाढला की फिफाने जुलै २०२२ पासून नियम बदलले. लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, लोनवर आलेल्याला तिसऱ्याकडे पाठवायचं नाही, आणि एका क्लबने किती देशाबाहेरचे खेळाडू लोनवर द्यायचे-घ्यायचे यावर मर्यादा. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने सहावर आणली. पण त्याच नियमात एक सूट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एकवीस वर्षांपर्यंतचा, त्याच क्लबने घडवलेला खेळाडू या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे गैरवापर रोखतानाही, तरुण मुलाला खेळायला बाहेर पाठवणं ही गरज आहे हे फिफाने मान्य केलंय.

समोर बसलेल्यांपैकी अनेक जण आता पालक आहेत, काही आजी-आजोबाही झालेत. तुमच्या घरातलं मूल खेळत असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, जिथे पाठवताय तिथे त्याच्या जागेवर आत्ता कोण खेळतो हे विचारा. क्लबचं नाव मोठं असून तिथेही बाकच मिळणार असेल तर गेल्याचा उपयोग नाही.

दोन, सगळं लेखी घ्या. मुदत, राहणं, जेवण, मानधन, दुखापतीचा खर्च. अठरा वर्षांखालच्या मुलाशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार फिफाच्या नियमात बसत नाही. पाच-सात वर्षांचा कागद पुढे केला तर सही करू नका. आणि एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. घाईने केलेली एक चुकीची नोंदणी अख्खा मोसम खाऊन टाकते.

तीन, ‘तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलाला स्पेनमध्ये क्लबात घालतो, अमुक लाख भरा’ असं कुणी म्हणालं तर दार लावून घ्या. अठरा वर्षांच्या आत परदेशी क्लबकडे नोंदणी होत नाही. मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. पैसे भरून तो अपवाद मिळत नाही.

चार, शिक्षण सोडू नका. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. मुलगा दुसऱ्या शहरात खेळत असतानाही दहावी-बारावी करू शकतो.

आता थोडं आपल्या राज्याबद्दल. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा संघ गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. संघ बंद होतो तेव्हा मुलांची बदली सक्तीचीच असते, आणि ज्याला आधी कधी बाहेर जाऊन खेळायची सवय नसते तो तिथेच थांबतो. हे मी पुण्यात डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली विनंती गुरुजनांना, आणि ती हात जोडून करतो. चांगल्या खेळाडूने शाळा सोडायचा दाखला मागितला की बऱ्याच ठिकाणी तो रेंगाळतो. सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्या होऊ द्या, मग नेतो म्हणावं. ही माया असते, मी नाकारत नाही. पण तोवर पलीकडची मुदत संपते. आपल्या शाळेने ठरवावं की, खेळण्यासाठी जाणाऱ्या मुलामुलीला दाखला अर्ज केल्याच्या दिवशी मिळेल. आणि गावातल्या क्लबांनी मुलांची नोंदणी बाराव्या वर्षापासून रीतसर ठेवावी. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूच्या पारपत्रात बाराव्या वर्षापासूनचे त्याचे क्लब लिहिलेले असतात, आणि पुढे त्याची मोबदला घेऊन परदेशी बदली झाली तर त्यातले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. ज्याची नोंदच नाही त्याला वाटाही नाही. मुलगा गेला म्हणजे आपलं सगळं गेलं असं होऊ नये, यासाठीच हा नियम आहे.

दुसरी विनंती माझ्या वर्गमित्रांना. या मेळाव्याच्या निधीतून फिरता चषक द्यायचा असं ठरतंय. चषक जरूर द्या, पण लहान द्या. उरलेल्या पैशात दरवर्षी दोन मुलांचं, निदान एका मुलीचं त्यात नाव असावं, बाहेरच्या शहरातलं सहा महिन्यांचं खोलीभाडं आणि जाण्या-येण्याचं भाडं निघेल. मोठी रक्कम लागत नाही. पुष्कळ मुलं खेळात कमी पडून थांबत नाहीत, खोलीच्या भाड्यापाशी थांबतात. निवड कुणाची करायची ते क्रीडाशिक्षकांनी ठरवावं. कागदपत्रं मी बघून देईन, त्याचे पैसे नकोत.

आणि गेलेला परत आला तर त्याला काय झालं असं विचारू नका. जेजेसुद्धा मुदत संपल्यावर परतच आला होता. कुणी सहा महिन्यांनी येईल, कुणी सहा वर्षांनी, कुणी येणारच नाही. आपण सगळेही या शाळेतून दाखला घेऊनच बाहेर पडलो, आणि तो देताना कुणी तोंड वाकडं केलं नाही म्हणून आज इतक्या वर्षांनी आनंदाने परत आलो. पुढच्या मुलांनाही तेवढंच मिळावं.